स्वहस्ते घडविलेली दुर्बीण आणि डहाणूचे आकाश

मुंबईपासून रेल्वेने सुमारे सव्वाशे किलोमीटर अंतरावर असलेला डहाणू तालुका चिकूच्या बागा, वारली चित्रकला आणि लांबच लांब समुद्रकिनारा यांसाठी सर्वपरिचित आहे. या तालुक्याची आणखी एक संपत्ती आहे, परंतु तिची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर होत नाही. ती म्हणजे येथील रात्रीचे आकाश. डहाणू आणि शेजारच्या तलासरी तालुक्यातील पाड्यांवर अमावास्येच्या आसपास आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मुंबई महानगरात वाढणाऱ्या मुलाला तो पाहावयाचा झाल्यास शहराबाहेर मुक्कामाला जावे लागते. जे पाहण्यासाठी इतरांना प्रवास करावा लागतो, ते येथील आश्रमशाळेच्या अंगणात आहे. उणीव आहे ती साधनाची, आणि ते साधन शाळेतील शिक्षक व विद्यार्थी स्वतःच्या हातांनी तयार करू शकतात. सहा इंच, म्हणजे १५० मिलिमीटर, व्यासाचा आरसा असलेली परावर्तक दुर्बीण कशी घडवितात, ती डहाणूसारख्या ठिकाणी कशी उपयोगी पडेल आणि तिच्यासाठी गावाने काय जपले पाहिजे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वनिर्मितीची परंपरा

दुर्बीण ही मोठ्या कारखान्यातच तयार होते, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. आयझॅक न्यूटन यांनी १६६८ साली पहिली परावर्तक दुर्बीण तयार केली, ती स्वतः आरसा ओतून व घासून. विल्यम हर्शेल हे व्यवसायाने संगीतकार होते. विकत घेण्याजोगी चांगली दुर्बीण परवडेना, म्हणून त्यांनी इंग्लंडमधील बाथ येथील राहत्या घरात आरसे घासण्यास आरंभ केला. एका आरशाला चकाकी देताना त्यांनी सलग सोळा तास हात उचलला नाही आणि त्या वेळी त्यांची बहीण कॅरोलिन त्यांना घास भरवीत असे, असे तिने नमूद करून ठेवले आहे. अशाच एका घरगुती दुर्बिणीतून १३ मार्च १७८१ रोजी हर्शेल यांना युरेनस हा ग्रह सापडला. त्या दुर्बिणीच्या आरशाचा व्यास सहा इंचांहून किंचितच अधिक होता.

महाराष्ट्रालाही आकाशनिरीक्षणाची दीर्घ परंपरा आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नेगामवाला यांनी १८८८ च्या सुमारास महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली. तेथील वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध नेगामवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले. याच काळात कोकणातील मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी, पेशाने शिक्षक असताना, ‘ज्योतिर्विलास’ हे सुबोध पुस्तक आणि ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ मराठीत सिद्ध केला. गावोगावच्या शाळांत शिकविणाऱ्या माणसाने आकाशाचे शास्त्र मराठी वाचकाच्या हाती दिले, ही गोष्ट आजच्या शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

स्वातंत्र्यपूर्व काळातच, १९४४ साली, पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांच्या देशातील जुन्या संस्थांमध्ये तिची गणना होते. मुंबईत १९७७ साली नेहरू तारांगण सुरू झाले. हॅलेच्या धूमकेतूच्या आगमनाच्या सुमारास, म्हणजे १९८६ च्या आगेमागे, खगोल मंडळासारख्या संस्थांनी आकाशदर्शनाचे कार्यक्रम मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोचविले. पुण्यातील आयुका ही संस्था १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली. तिने उच्च संशोधनाबरोबरच शिक्षक व विद्यार्थी यांच्यासाठी दुर्बीण निर्मितीच्या कार्यशाळाही घेतल्या. या कार्यशाळांत सहभागी व्यक्ती काचेची चकती स्वतः घासून दुर्बीण तयार करते. तात्पर्य, ही विद्या आपल्या राज्यात रुजलेली आहे. ती पुण्या-मुंबईतून पाड्यापर्यंत पोचणे एवढेच शिल्लक आहे.

आरशाचीच दुर्बीण का?

दुर्बिणीचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात भिंगाने प्रकाश एकत्र केला जातो, दुसऱ्यात अंतर्वक्र आरशाने. चांगल्या भिंगासाठी दोन वेगवेगळ्या प्रकारच्या काचा लागतात, त्यांचे मिळून चार पृष्ठभाग अचूक घासावे लागतात आणि काच आतूनही निर्दोष असावी लागते. आरशाच्या बाबतीत प्रकाश काचेतून जातच नाही, तो पृष्ठभागावरूनच परत फिरतो. त्यामुळे एकच पृष्ठभाग अचूक करावा लागतो आणि काच साधी असली तरी चालते. घरगुती निर्मितीसाठी आरशाची दुर्बीण सोयीची ठरते, ती यामुळे.

तिची रचना अशी असते. नळीच्या तळाशी मुख्य अंतर्वक्र आरसा बसवितात. ताऱ्याकडून आलेला प्रकाश त्यावरून परावर्तित होऊन वरच्या बाजूस एका बिंदूकडे एकवटू लागतो. त्या बिंदूच्या थोडे अलीकडे, नळीच्या मधोमध, ४५ अंशांत तिरका ठेवलेला लहान सपाट आरसा हा प्रकाश नळीच्या बाजूस वळवितो. तेथे बसविलेल्या नेत्रिकेतून निरीक्षक पाहतो.

अंधारात माणसाच्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर रुंदावते. १५० मिलिमीटर व्यासाचा आरसा तिच्या सुमारे साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. दुर्बिणीचे खरे सामर्थ्य या प्रकाशसंचयात आहे. वस्तू किती पट मोठी दिसते, हे त्यामानाने दुय्यम होय. आरशाचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर असेल आणि नेत्रिकेचे २५ मिलिमीटर, तर वस्तू ४८ पट मोठी दिसते. नेत्रिका १० मिलिमीटरची घेतल्यास १२० पट. बाजारात ‘पाचशे पट’ असे छापून विकल्या जाणाऱ्या लहान दुर्बिणींची खरेदी शाळांनी करू नये. कमी प्रकाशात प्रतिमा फुगविली म्हणजे ती अंधूक व पुसट होते.

काच घासण्याची क्रिया

प्रारंभी सारख्याच व्यासाच्या दोन जाड गोल काचा घ्याव्यात. जाडी वीस ते पंचवीस मिलिमीटर असावी, नाहीतर काच स्वतःच्या वजनाने किंचित वाकते. एक काच पिंपावर किंवा भक्कम खांबावर पक्की बसवितात. ही खालची काच हत्याराचे काम करते. वरची काच पुढे आरसा होते. दोहोंमध्ये कार्बोरंडमची भरड पूड व पाणी घालून वरची काच पुढे-मागे सरकवितात. प्रत्येक हालचाल व्यासाच्या सुमारे एक तृतीयांश इतकी असावी. काही हालचालींनंतर वरची काच हातात थोडी फिरवावी आणि घासणाऱ्याने स्वतः पिंपाभोवती एक पाऊल सरकावे. खळ्यात मेढीभोवती बैल फिरतात, त्याप्रमाणे हे फिरणे चालू राहते.

या साध्या क्रियेतून गोलाई कशी निर्माण होते, हे समजून घेण्यासारखे आहे. वरची काच पुढे सरकली की तिचा काही भाग खालच्या काचेबाहेर जातो. अशा वेळी दाब वरच्या काचेच्या मध्यावर व खालच्या काचेच्या कडेवर अधिक पडतो. परिणामी वरची मध्यभागी झिजते, खालची कडेला झिजते. पहिली अंतर्वक्र होते, दुसरी बहिर्वक्र. हालचाली सर्व दिशांनी झाल्यामुळे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांस सर्वत्र टेकत राहतात. हा गुण एकाच आकारात असतो, आणि तो म्हणजे गोलाचा पृष्ठभाग. म्हणून यंत्राविना केवळ हाताने नेमका गोल आकार साधता येतो.

किती खोल घासावयाचे, हे गणिताने ठरते. त्रिज्येच्या वर्गास नाभीय अंतराच्या चौपटीने भागले असता मध्यभागाची खोली मिळते. १२०० मिलिमीटर नाभीय अंतरासाठी ७५ चा वर्ग भागिले ४८००, म्हणजे सुमारे १.१७ मिलिमीटर. काचेवर सरळ पट्टी आडवी ठेवून मध्यभागी १.२ मिलिमीटर जाडीची तार जेमतेम सरकू लागली की भरड घासणे पुरे झाले असे समजावे. इयत्ता दहावीची भूमिती येथे प्रत्यक्ष कामास येते.

यानंतर अधिकाधिक बारीक पूड वापरावी. प्रत्येक टप्प्याने आधीच्या टप्प्याचे खड्डे नाहीसे केले पाहिजेत. येथे स्वच्छतेस पर्याय नाही. भरड पुडीचा एक कण जरी बारीक टप्प्यात शिरला, तरी काचेवर ओरखडा उमटतो आणि मागच्या टप्प्यावर परतावे लागते. म्हणून प्रत्येक वेळी काचा, हात, बादली व खालचा कागद पूर्णपणे धुऊन किंवा बदलून घ्यावा. पूड नेहमी ओली ठेवावी. कोरडी धूळ श्वासावाटे जाणे घातक असते.

चकाकी आणि परीक्षा

बारीक घासण्यानंतर काच दुधी दिसते. तिला चकाकी देण्यासाठी खालच्या काचेवर डांबरासारख्या काळ्या राळेचा थर ओततात, त्यावर चौकटीच्या खाचा पाडतात आणि सेरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून काच त्यावर घासतात. राळ ही वस्तू मोठी नमुनेदार आहे. जोराने आपटल्यास ती काचेप्रमाणे फुटते, पण सावकाश दाबल्यास मेणाप्रमाणे वाहते. त्यामुळे ती काचेच्या आकारास बिलगून राहते. डहाणूसारख्या उष्ण किनाऱ्यावर मे महिन्याच्या दुपारी राळ फार मऊ होते, हे लक्षात घेऊन हे काम हिवाळ्यात किंवा सकाळच्या प्रहरी करावे.

आता अचूकतेचा प्रश्न येतो. आरशाचा पृष्ठभाग प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक अष्टमांशापर्यंत, म्हणजे सुमारे ०.००००७ मिलिमीटरपर्यंत, नेमका असावा लागतो. माणसाचा केस ०.०७ मिलिमीटर जाड धरला, तर ही त्याच्या हजाराव्या भागाइतकी अचूकता झाली. इतके सूक्ष्म माप शाळेच्या खोलीत घेता येईल काय? येते, आणि त्यासाठी दाढीचे पाते व एक दिवा एवढेच पुरते. ही युक्ती फ्रेंच शास्त्रज्ञ लेऑं फूको यांनी १८५८ च्या सुमारास शोधून काढली.

आरशापासून नाभीय अंतराच्या दुप्पट, म्हणजे २४०० मिलिमीटर, अंतरावर बारीक छिद्रातून प्रकाश आरशावर टाकतात. तो परतून छिद्राच्या शेजारीच एकवटतो. तेथे पात्याची धार हळूहळू आडवी आणून पात्यामागून आरशाकडे पाहावे. आरसा नेमका गोल असेल तर तो सर्वत्र एकदमच काळवंडतो. कोठे उंचवटा किंवा खळगा असेल तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात टेकड्या व दऱ्या उठून दिसाव्यात, तसे ते दोष छायाप्रकाशात स्पष्ट होतात. काचेवर बोट क्षणभर टेकविले तरी त्या उष्णतेने आलेला फुगवटा या परीक्षेत दिसतो.

ताऱ्यांचा प्रकाश एकाच बिंदूत आणण्यासाठी खरे तर आरसा गोल नव्हे, तर अन्वस्त आकाराचा हवा. मात्र सहा इंच व्यास व १२०० मिलिमीटर नाभीय अंतर या मापात दोन्ही आकारांतील फरक मिलिमीटरच्या तीन-दशसहस्रांशाहूनही कमी असतो. अखेरच्या काही मिनिटांच्या चकाकीत तो साधता येतो, आणि थोडा राहिला तरी चंद्र व ग्रह उत्तम दिसतात. नवशिक्यांसाठी हे माप सर्वत्र सुचविले जाते, त्याचे कारण हेच.

शेवटी काचेवर ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ मुलामा द्यावा लागतो. हे काम निर्वात पात्रात होते, ते शाळेत शक्य नाही. त्यासाठी आरसा शहरातील प्रकाशीय उपकरणांच्या कारखान्यात किंवा एखाद्या संशोधन संस्थेच्या साहाय्याने मुलामा देऊन आणावा. मुलाम्यावर संरक्षक थर अवश्य मागून घ्यावा. पूर्वी रासायनिक क्रियेने चांदीचा मुलामा देत असत. त्यातील द्रावणे स्फोटक होऊ शकतात, म्हणून ती पद्धत शाळांनी अवलंबू नये. लहान सपाट आरसा आणि नेत्रिका या दोन वस्तू मात्र तयारच विकत घेणे इष्ट. सर्व श्रम धरून नवशिक्या गटाला आरसा घासण्यास व चकाकी देण्यास तीस ते चाळीस तास लागतात. दर शनिवारी दोन तास दिल्यास एका शैक्षणिक वर्षात हे काम सहज पुरे होते.

नळी आणि बैठक

नळीसाठी आठ इंची पीव्हीसी पाइप किंवा प्लायवूडची चौकोनी पेटी चालते. आतून तिला चकाकी नसलेला काळा रंग द्यावा. मुख्य आरसा तीन स्क्रूंवर टेकवावा, म्हणजे त्याचा कल कमीजास्त करून प्रकाश नेमका मध्यावर आणता येतो.

बैठकीचा प्रश्न पूर्वी अवघड होता. लोखंडी दंड, दाते असलेली चाके व वजने यांचा खर्च आरशाहून अधिक होई. तो प्रश्न जॉन डॉब्सन यांनी सोडविला. हे गृहस्थ सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त सोसायटीत, रामकृष्ण परंपरेच्या मठात, १९४४ ते १९६७ पर्यंत संन्यासी म्हणून राहत होते. हाताशी पैसा नसल्याने जुन्या जहाजांच्या काचा, पुठ्ठ्याच्या नळ्या व लाकडाच्या फळ्या यांतून त्यांनी दुर्बिणी तयार केल्या आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखविले. त्यांच्या पद्धतीत नळी एका लाकडी पेटीत तोफेसारखी वर-खाली फिरते आणि ती पेटी फळीवर गोल फिरते. सनमायकाच्या पृष्ठभागावर टेफ्लॉनचे तुकडे टेकविले की हलक्या हाताने दुर्बीण सरकते आणि सोडताच थांबते. गावचा सुतार ही बैठक दोन दिवसांत करून देऊ शकतो.

अशा दुर्बिणीचे महत्त्व किती असू शकते, याचे उदाहरण फार जुने नाही. २३ जुलै १९९५ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात थॉमस बॉप या हौशी निरीक्षकाने मित्राच्या घरी बनविलेल्या दुर्बिणीतून एक अपरिचित अंधूक ठिपका पाहिला. बॉप यांच्याकडे स्वतःची दुर्बीणही नव्हती. त्याच रात्री ॲलन हेल यांनीही तो स्वतंत्रपणे पाहिला. १९९७ च्या वसंतात तोच हेल-बॉप धूमकेतू आपल्याकडेही नुसत्या डोळ्यांनी दिसला.

किनाऱ्यावरील काळजी

खारी हवा व दमटपणा हे आरशाचे शत्रू होत. पाहणे संपताच नळीची दोन्ही तोंडे झाकावीत. आरसा कापडाने पुसू नये, कारण धुळीचे कण मुलाम्यावर ओरखडे काढतात. फारच मळल्यास सौम्य साबणाच्या पाण्याने व नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन उभा करून वाळवावा. जून ते सप्टेंबर या काळात आरसा काढून, सिलिका जेलच्या पुडीसह, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. एवढे करूनही काही वर्षांनी मुलामा पुन्हा द्यावा लागतो. निरीक्षणापूर्वी अर्धा तास दुर्बीण अंगणात ठेवावी. आरसा बाहेरच्या हवेइतका थंड झाल्याशिवाय प्रतिमा स्थिर होत नाही.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, दुर्बीण कोणत्याही परिस्थितीत सूर्याकडे रोखून तिच्यातून पाहू नये. निमिषार्धात दृष्टी कायमची जाते. दिवसा दुर्बीण झाकून व कुलपात ठेवण्याची जबाबदारी एका शिक्षकावर सोपवावी. सूर्यग्रहण पाहावयाचे झाल्यास कागदाच्या छिद्रातून भिंतीवर पडणारी प्रतिमा दाखवावी.

डहाणूच्या आकाशात काय दिसेल?

डहाणू सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे ध्रुवतारा येथे क्षितिजापासून २० अंश उंचीवर दिसतो. कोनमापक व ओळंबा यांच्या साहाय्याने मुलांना आपल्या गावाचा अक्षांश स्वतः मोजता येतो. दक्षिणेकडचे पुष्कळ आकाशही येथून खुले आहे. अगस्त्य तारा हिवाळ्यात क्षितिजावर सतरा अंशांपर्यंत चढतो. नरतुरंग समूहातील ओमेगा सेंटॉरी हा लक्षावधी ताऱ्यांचा गुच्छ एप्रिल-मे महिन्यांत बावीस अंशांवर येतो. युरोपच्या बहुतेक भागांतून तो दिसतच नाही.

चंद्र पाहण्यास पौर्णिमा योग्य नव्हे. शुद्ध सप्तमी-अष्टमीस प्रकाश तिरपा पडल्याने विवरांच्या कडा व डोंगरांच्या सावल्या उठून दिसतात. सहा इंची दुर्बिणीतून दीड-दोन किलोमीटर रुंदीची विवरेही ओळखता येतात. गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात. गॅलिलिओ यांनी जानेवारी १६१० मध्ये रोज त्यांची जागा टिपून ठेवली आणि सर्व गोल पृथ्वीभोवतीच फिरतात, या समजास तडा गेला. तीच नोंद आज आठवीतील मुलगी आपल्या वहीत आठवडाभर ठेवू शकते. शनीची कडी २०२५ मध्ये आपल्या दृष्टीस कडेवर आल्याने जवळजवळ दिसेनाशी झाली होती. आता ती वर्षागणिक पुन्हा उघडत आहेत.

विवाहसमारंभात वधूवरांना अरुंधती दाखविण्याची प्रथा आहे. सप्तर्षींतील वसिष्ठाशेजारी ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. दुर्बिणीतून पाहिले असता स्वतः वसिष्ठच दोन ताऱ्यांचा बनलेला आढळतो. मृगातील तेजोमेघ, कृत्तिकांचा गुच्छ आणि सुमारे पंचवीस लक्ष प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका ही हिवाळ्यातील आणखी काही दर्शनीय स्थळे होत. नेत्रिकेतून पाहताना तारा तीन-चार मिनिटांत दृष्टिक्षेत्राबाहेर सरकतो. पृथ्वी फिरते हे पुस्तकात वाचलेले वाक्य त्या क्षणी विद्यार्थ्याच्या अनुभवास येते.

शाळेसाठी दुर्बिणीचा अर्थ

शिक्षण परिसरातील साधनांतून व्हावे, हा विचार या तालुक्याला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथे त्यांनी व अनुताई वाघ यांनी शंखशिंपले, बिया, पाने व खडे यांतून आदिवासी बालकांना शिकविले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. शाळेत घडविलेली दुर्बीण त्याच विचाराची पुढची पायरी ठरेल.

वारली समाजाच्या लग्नचौकात सूर्य व चंद्र यांना मानाचे स्थान असते. नांगरणी, पेरणी व मासेमारी यांची वेळ ओळखण्यासाठी आकाश पाहणारी वडीलधारी माणसे गावात असतात. त्यांना ठाऊक असलेली ताऱ्यांची नावे व कथा विद्यार्थ्यांनी लिहून घ्याव्यात. विदर्भातील गोंड, कोरकू, कोलाम या समाजांच्या तारकाज्ञानाची अशी नोंद मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी गेल्या दशकात घेतली आहे. वृद्धांबरोबर हे ज्ञान लोप पावण्यापूर्वी ते वहीत उतरणे अगत्याचे आहे.

विकत आणलेली दुर्बीण बहुधा मुख्याध्यापकांच्या कपाटात जाते, कारण ती बिघडेल अशी धास्ती सर्वांना असते. जी मुलांनी घासली, ती मुले दुरुस्तही करू शकतात. म्हणून एकदम दहा दुर्बिणी खरेदी करण्यापेक्षा केंद्रातील दोन-तीन शिक्षकांना आरसा घासण्याचे प्रशिक्षण मिळवून देणे अधिक फलदायी ठरेल.

अंधाराचे जतन

दुर्बीण कितीही उत्तम असली तरी उजळलेल्या आकाशात ती निरुपयोगी ठरते. केंद्र शासनाच्या २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित झाला व उद्योगांवर मर्यादा आल्या. तिचा हेतू बागा, जंगल व किनारा यांचे रक्षण हा होता, परंतु रात्रीचा अंधार टिकण्यासही तिचा हातभार लागला असला पाहिजे. आता परिस्थिती बदलत आहे. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. महामार्ग, वसाहती व गोदामे यांबरोबर दिव्यांची संख्या वाढणार, हे उघड आहे.

दिवे असू नयेत असे कोणी म्हणणार नाही. पाड्यावरच्या वाटेवर साप-विंचवापासून संरक्षणासाठी आणि महिलांच्या सुरक्षिततेसाठी उजेड हवाच. प्रश्न आहे तो उजेड कोठे पडतो हा. उघड्या दिव्याचा काही प्रकाश आकाशाकडे व डोळ्यांत जातो. रस्त्यास त्याचा उपयोग नाही, बिल मात्र ग्रामपंचायतीस भरावे लागते. वरून झाकलेला, प्रकाश खाली टाकणारा, पिवळसर छटेचा व आवश्यक तेवढ्याच क्षमतेचा दिवा तेच काम कमी विजेत करतो. निळसर पांढरा प्रकाश हवेत अधिक विखुरतो, म्हणून तो टाळावा.

याचे उदाहरण राज्यातच आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतातील हे या प्रकारचे पहिले क्षेत्र होय. त्यासाठी परिसरातील गावांत रस्त्यांचे दिवे बदलून जमिनीकडे प्रकाश टाकणारे दिवे बसविण्यात आले. डहाणू व तलासरी येथील ग्रामपंचायतींनी नवीन दिव्यांची मागणी नोंदवितानाच दिव्याचा प्रकार ठरवून घेतल्यास वेगळ्या खर्चाची गरज भासणार नाही. गावातील दिवाबत्ती हे ग्रामपंचायतीचेच काम आहे, आणि हा निर्णय ग्रामसभेला एका बैठकीत घेता येतो.

सारांश, दोन गोष्टी एकत्र घडावयास हव्यात. शाळेने आरसा घासावा आणि ग्रामपंचायतीने अंधार राखावा. त्यांतील पहिलीस एक वर्षाचा धीर लागतो. दुसरीस केवळ वेळीच घेतलेला निर्णय पुरतो, मात्र तो लांबणीवर पडल्यास आकाशगंगा गावातून दिसेनाशी झाल्यावर तिची आठवण काढावी लागेल. ज्या तालुक्यातील कलावंतांनी तांदळाच्या पिठाने मातीच्या भिंतीवर सूर्यचंद्र रेखाटले, त्या तालुक्यातील मुलांना शनीची कडी आपण स्वतः घडविलेल्या आरशातून पाहता यावीत, ही अपेक्षा अवास्तव नाही.